भूशास्त्राची पहिली दोन वर्षे कम्युनिटी कॉलेजात शिकावीत का?

फ्रीमाँटकर

माझी मुलगी यंदा शाळा संपवते आहे आणि तिला भूशास्त्र शिकायचे आहे. पहिली दोन वर्षे घराजवळच्या कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे दोन वर्षांच्या स्वस्त सरकारी कॉलेजात, काढून तिसऱ्या वर्षी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या एखाद्या कॅम्पसमध्ये जावे, असे आम्हा दोघींना वाटते. आमच्या ओळखीच्या बहुतेक मराठी कुटुंबांना मात्र ही माघार वाटते. "थेट विद्यापीठात जागा मिळत असताना तिथे कशाला?" हा प्रश्न गेल्या महिन्याभरात इतक्यांदा ऐकला, की आपले म्हणणे एकदा नीट लिहून काढावे असे ठरवले.

खर्चाचे आधी सांगून टाकते. राज्याच्या रहिवाशांना कम्युनिटी कॉलेजात एका युनिटला, म्हणजे अभ्यासक्रमाच्या एका श्रेयांकाला, 46 डॉलर पडतात, म्हणजे वर्षाच्या 30 युनिटांना 1,380 डॉलर. विद्यापीठाचे नुसते शिक्षणशुल्कच वर्षाला 14,000 डॉलरच्या वर जाते. पण माझा खरा मुद्दा पैशांचा नाही. या विषयाच्या सुरुवातीला जे डोळ्यांनी पाहायचे असते, ते आमच्या दारात आहे. हेवर्ड भ्रंश, म्हणजे जिच्या दोन्ही बाजू एकमेकींना घासत सरकतात अशी जमिनीतली मोठी भेग, आमच्या फ्रीमाँट गावातून जातो आणि भूकंप झाला नाही तरी वर्षाला सरासरी 5 मिलिमीटरच्या आसपास सरकत राहतो. शेजारच्या हेवर्ड शहरात रोझ आणि प्रॉस्पेक्ट या रस्त्यांच्या कोपऱ्यावर फुटपाथची काँक्रीटची कड या सरकण्यामुळे तुटून तिचे दोन भाग एकमेकांपासून बाजूला झाले होते. 2016 मध्ये दुरुस्तीच्या कामात ती कड काढली गेली, पण त्याआधी मी मुलीला तिथे नेले होते. तिने एक पाय एका तुकड्यावर आणि दुसरा पाय दुसऱ्या तुकड्यावर ठेवला आणि "आता मी कुठल्या बाजूची?" असे विचारले. तिचा विषय त्या दिवशीच ठरला, असे मी मानते.

दगडधोंडे

ताई, मुलीने हा विषय निवडला याचा मला मनापासून आनंद आहे, आणि म्हणूनच तुमच्या बेताला विरोध करतो.

मी पुण्यात भूशास्त्रात बी.एस्सी. केले, पुढचे शिक्षण इथे घेतले आणि आता भ्रंशांच्या तपासणीचे काम करतो. 1971 च्या सॅन फर्नांडो भूकंपानंतर, 1972 साली, कॅलिफोर्नियात अल्क्विस्ट-प्रियोलो कायदा झाला. त्यानुसार सक्रिय भ्रंशाच्या आखून दिलेल्या पट्ट्यात नवी वस्ती उभारायची तर आधी भूशास्त्रीय तपासणी करावी लागते. आम्ही भ्रंशाला आडवा खंदक खणतो, त्याची भिंत तासून स्वच्छ करतो, दोऱ्या ताणून चौकटी आखतो, आणि मातीचा कोणता थर तुटला आहे व त्याच्यावरचा कोणता अखंड आहे ते इंचाइंचाने कागदावर उतरवतो. अखंड थराचे वय कळले की त्यानंतर भ्रंश हललेला नाही एवढे सांगता येते. कुणाचे घर कुठे उभे राहील ते त्या नोंदीवर ठरते. हे काम करायला दगड ओळखता येणे पुरत नाही. त्यासाठी कॅल्क्युलस, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र पक्के असावे लागते, आणि आपल्याहून दोन वर्षे पुढे असलेल्या विद्यार्थ्यांच्या सोबत राहून बरेच काही उचलता येते. कम्युनिटी कॉलेजात ही पुढची मुले नसतातच. तिथल्या भूशास्त्राच्या वर्गात बहुतेक जण प्रयोगशाळेसह एक विज्ञान विषय घेण्याची अट पूर्ण करण्यासाठी बसलेले असतात, आणि सत्र संपले की ते पुन्हा त्या विषयाकडे वळत नाहीत. मुलगी दोन वर्षे एकटी पडेल.

दुसरी अडचण मी जवळून पाहिली आहे. माझ्या पुतण्याने एका कम्युनिटी कॉलेजात भूशास्त्र सुरू केले, आणि पृथ्वीच्या इतिहासाचा, म्हणजे हिस्टॉरिकल जिऑलॉजीचा वर्ग पुरेशी नोंदणी न झाल्यामुळे सलग दोन सत्रे रद्द झाला. त्याचे एक वर्ष गेले.

सह्यकन्या

दगडधोंडे, आपल्या पुतण्याचे वर्ष वाया गेले ही हानी खरीच आहे आणि ती मी कमी लेखत नाही. परंतु "एकटी पडेल" हे मला मान्य नाही.

मी एच-फोर व्हिसावर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसामुळे मिळणाऱ्या व्हिसावर, इथे आले तेव्हा मला नोकरी करता येत नव्हती, शिकता मात्र येत होते, आणि कम्युनिटी कॉलेजात मी भूशास्त्राचा पहिला वर्ग केवळ संध्याकाळी असतो म्हणून घेतला. माझ्या शेजारी बांधकामावर काम करणारा एक मनुष्य बसे, पलीकडे एक निवृत्त परिचारिका. ही माणसे अट पूर्ण करण्यासाठी आली असतील, पण प्रश्न विचारताना त्यांना संकोच नव्हता, आणि पाया खणताना लागणाऱ्या मातीविषयी त्या बांधकामवाल्याला जे ठाऊक होते ते आमच्या पुस्तकात नव्हते. शिकवणाऱ्या बाईंची नोकरी शिकवण्याचीच होती. संशोधनाच्या गडबडीत मदतनीसाकडे वर्ग सोपवण्याचा प्रश्नच नव्हता.

एक शनिवार सांगते. बाईंनी आम्हाला गोल्डन गेट पुलापलीकडे, मरीन हेडलँड्सला नेले. रस्त्याच्या कडेला विटकरी रंगाचा चर्ट नावाचा कठीण खडक, बोटभर जाडीचे थर एकावर एक, दुमडून पार वळलेले. त्यांनी सांगितले की खोल समुद्राच्या तळाशी रेडिओलॅरिया या सूक्ष्म जीवांची कवचे कोट्यवधी वर्षे साचून हा खडक झाला आणि भूपट्टाबरोबर, म्हणजे पृथ्वीच्या कवचाच्या सरकत्या तुकड्याबरोबर, वाहत इथे येऊन खंडाला चिकटला. थोड्या अंतरावर बेसॉल्ट होता, पण उशा रचून ठेवल्यासारखा, कारण तो पाण्याखाली उफाळून थंडावलेला. मी वाईची. बेसॉल्ट म्हणजे पायऱ्यापायऱ्यांचे डोंगर एवढेच माझ्या डोळ्यांना माहीत होते, आणि तोच दगड इथे वेगळ्या रूपात पाहताना मला आमच्या घाटातला कातळ पहिल्यांदा समजला. त्या दिवशी आम्ही बावीस जण होतो. विद्यापीठातल्या दोनशे जणांच्या व्याख्यान-वर्गाला बाईंनी प्रत्येकाच्या हातात हातोडी देऊन उभे केले नसते.

उत्तरदायी

मुलीला विद्यापीठात पुढे प्रवेश न मिळण्याची भीती कुणाला वाटत असेल तर एक माहिती देतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाचे डेव्हिस, अर्वाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सँटा क्रूझ हे 6 कॅम्पस ठरावीक अटी पूर्ण करणाऱ्या कम्युनिटी कॉलेजच्या विद्यार्थ्यांना आगाऊ प्रवेशहमी देतात. बर्कली आणि लॉस एंजेलिस देत नाहीत. हमी एकाच कॅम्पससाठी मागता येते, तिचा अर्ज आदल्या वर्षीच्या सप्टेंबरमध्ये करावा लागतो, आणि काही विषयांना ती लागू नसते, म्हणून विषयाची अट आधीच तपासावी.

दगडधोंडे

सह्यकन्याताई, हेडलँड्सची सहल वाचून मला माझी पुण्याची वर्षे आठवली. आम्हाला चारी दिशांना बेसॉल्टच होता, आणि जुने खडक पाहायला सिंधुदुर्गापर्यंत जावे लागे. इथल्या मुलांच्या भाग्याविषयी आपल्याशी माझे दुमत नाही, आणि चांगले शिक्षक कम्युनिटी कॉलेजात असतात हेही मी मान्य करतो. पण तिथल्या अनेक शिक्षकांची नेमणूक अर्धवेळ असते. ते एका कॉलेजातून दुसऱ्या कॉलेजाकडे गाडी हाकत असतात आणि वर्गानंतर शंका विचारायला सापडत नाहीत. आपल्या बाई पूर्णवेळ होत्या का, हे विचारल्याशिवाय राहवत नाही. शिवाय तिसऱ्या वर्षी विद्यापीठात गेल्यावर खनिजशास्त्र, संरचना भूशास्त्र आणि उन्हाळ्यातला कित्येक आठवड्यांचा नकाशे काढण्याचा फील्ड कॅम्प हे सगळे एकदम अंगावर येते, आणि कॅल्क्युलस मागे राहिलेले असेल तर दोन वर्षांचे तीन होतात.

सह्यकन्या

होय, बाई पूर्णवेळ होत्या. हा प्रश्न योग्य आहे, आणि प्रत्येकाने आपल्या कॉलेजविषयी तो विचारलाच पाहिजे.

फ्रीमाँटकर

सर्वांचे आभार. मत बदललेले नाही, पण दगडधोंडे यांच्या पुतण्याची गोष्ट वाचल्यावर बेत जसाच्या तसा ठेवणे मला शक्य नाही. हिस्टॉरिकल जिऑलॉजी गेल्या दोन वर्षांत कोणकोणत्या सत्रांत प्रत्यक्ष शिकवली गेली, हे कॉलेजच्या जुन्या वेळापत्रकांतून पाहणार आहे. एकदाही रद्द झालेली आढळली तर तो एक विषय शेजारच्या दुसऱ्या कम्युनिटी कॉलेजात घेता येईल का, ते समुपदेशकांना विचारीन. कॅल्क्युलस ती पहिल्याच सत्रात घेईल, हे तिने स्वतः काल रात्री कबूल केले. विद्यापीठाला होकार कळवण्याची मुदत 1 मे आहे. तोवर अजून कुणाचा अनुभव असेल, विशेषतः तिसऱ्या वर्षी भूशास्त्रात गेलेल्यांचा, तर तो मला हवा आहे.