कोलायटिसच्या गोळ्यांसोबत हळद, इसबगोल, कोरफड: किती घ्यायचं, कसं घ्यायचं?

हळदकाठी_वसमत
अल्सरेटिव्ह कोलायटिसचा, म्हणजे मोठ्या आतड्याला सूज आणि व्रण असलेला पेशंट आहे. आतड्याची सूज उतरवणारं मेसालामाइन रोज 2.4 ग्रॅम आणि प्रतिकारशक्ती आवरणारं ॲझाथायोप्रिन 50 मिलिग्रॅम चालू आहे. सध्या आजार शांत आहे: दिवसातून दोनदा शौच, रक्त नाही, आव नाही. घरचे हळदीचं दूध, इसबगोल आणि उपाशीपोटी कोरफडीचा रस असं सगळं एकदाच सुरू करा म्हणायलेत. गोळ्या बंद करायच्या नाहीत, हे पक्कं. प्रश्न मात्रेचा आहे. हळद घरच्या रानातली, घरीच दळलेली असताना कॅप्सूल कशाला? आणि यातल्या कशानं काय बिघडू शकतं?

औषधी_दुकान_नांदेड
हळद चांगलीच असणार, पण हिशोब घालून बघा. हळदीत कर्क्युमिन, म्हणजे तिच्यातला कामाचा घटक, साधारण 3 टक्के धरा. चहाचा चमचाभर हळद 3 ग्रॅम, म्हणजे त्यात कर्क्युमिन जेमतेम 90 मिलिग्रॅम. जपानमधली 2006 ची चाचणी आजार शांत असलेल्या पेशंटवर झाली, त्यात नेहमीच्या गोळ्यांसोबत रोज 2 ग्रॅम कर्क्युमिन दोन वेळांत विभागून दिलं. सहा महिन्यांत कर्क्युमिनवाल्या 43 पैकी 2 जणांचा आजार उलटला, नुसत्या गोळ्यांवरच्या 39 पैकी 8 जणांचा. तेवढं कर्क्युमिन हळदीतून मिळवायचं तर रोज 65 ग्रॅमच्या वर हळद खावी लागंल. दिल्लीच्या एम्समध्ये रोज 450 मिलिग्रॅम देऊन बघितलं, तिथं फरक पडला नाही. म्हणून हळदीचं दूध खुशाल प्या, पण त्याला औषध समजू नका.

कॅप्सूल घेताना मागचं लेबल वाचा. ‘हळद अर्क 500 मिलिग्रॅम, 95 टक्के कर्क्युमिनॉइड्स’ लिहिलेलं असलं तर आत 475 मिलिग्रॅम. नुसतं ‘हळद चूर्ण 500’ असलं तर 15 मिलिग्रॅम, म्हणजे पैसे वाया. आणि मिऱ्याचा अर्क, म्हणजे पायपेरिन, घातलेली नको. आपल्याला कर्क्युमिन मोठ्या आतड्याच्या अस्तरावर पाहिजे. पायपेरिन ते रक्तात आणि लिव्हरकडं ढकलतं. हळदीच्या कॅप्सूलनं लिव्हर बिघडल्याच्या बऱ्याच नोंदी अशाच वाढीव शोषणाच्या कॅप्सूलच्या आहेत. जेवणानंतर घ्या. लोहाची गोळी चालू असंल तर ती वेगळ्या वेळी, कारण कर्क्युमिन लोहाला धरून ठेवतं आणि कोलायटिसमध्ये रक्त आधीच कमी असतं. पित्ताशयात खडे असले किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असली तर हा नाद सोडा.

सगळ्यात महत्त्वाचं, तिन्ही एकदम सुरू करू नका. ॲझाथायोप्रिननंही एसजीपीटी, म्हणजे लिव्हरच्या तपासणीतला आकडा, वाढतं. तीन नव्या गोष्टी पोटात असताना रिपोर्ट वर गेला तर दोष कुणाला द्यायचा? आधी एसजीपीटी आणि सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) करा, एकच गोष्ट सुरू करा, चार आठवड्यांनी पुन्हा तपासा, मग दुसरी. आणि डॉक्टरांना सांगूनच.

पोटविकार_लातूर
सुरुवात इसबगोलपासून केलेली बरी, स्वस्त आहे आणि काम समजण्यासारखं आहे. मोठ्या आतड्यातले जिवाणू ते आंबवून ब्युटिरेट बनवतात, तेच तिथल्या पेशींचं अन्न. स्पेनच्या 1999 च्या चाचणीत इसबगोलाचं बी 10 ग्रॅम दोनदा दिलं. वर्षभरात आजार उलटलेले: बीवर 40 टक्के, मेसालामाइनवर 35, दोन्हींवर 30.

भुशी सपाट चहाचा एक चमचा, ग्लासभर पाण्यात ढवळून लगेच प्यायची, वर आणखी एक ग्लास पाणी. ढवळून पाच मिनिटं ठेवलं की ग्लासात चिकट गोळा होतो. कमी पाण्यात घेतलं तर तो पोटात होतो. चार-पाच दिवसांनी एकेक चमचा वाढवा, गॅस झाला तर एक पाऊल मागं. बाकी गोळ्यांपासून दोन तास लांब. आजार उसळला किंवा पोट फुगलं की बंद. क्रोन्समध्ये, म्हणजे आतड्याच्या सुजेच्या दुसऱ्या आजारात, आतडं अरुंद झालेलं असलं तर अजिबात नाही, तिथं तो गोळा अडकतो.

कोरफड मात्र घरी नकोच. पान कापलं की सालीखालून पिवळा, कडू चीक ओघळतो. तो जोरदार रेचक असतो. गर धुतला तरी थोडा राहून जातो. मग मुरडा, जुलाब, पोटॅशियम खाली. आणि लोकांना वाटतं आजार उलटला, स्टिरॉइड सुरू होतात, त्यानं पोटॅशियम आणखी उतरतं.

हळदकाठी_वसमत
दोघांचेही आभार. गुळवेलाचा काढा आणि कुड्याची साल यांचं काय? शेजारचे पर्पटीही सुचवायलेत.

वैद्य_अंबाजोगाई
गुळवेल नाही. प्रतिकारशक्ती आवरून धरायला ॲझाथायोप्रिन दिलंय आणि गुळवेल ती चेतवते. 2021 मध्ये मुंबईतून गुळवेलानं लिव्हरला सूज आल्याच्या नोंदी आल्या आहेत.

कुडा आवेवर जुना आणि चांगला आहे, पण आवेचा मुरडा वेगळा आणि आतड्यातले व्रण वेगळे. कुड्यानं शौचाचे फेरे कमी झाले तरी आत सूज चालूच राहू शकते. ती कळायला शौचाची कॅलप्रोटेक्टिन तपासणी करावी लागते.

पर्पटी ग्रहणीसाठी, म्हणजे पचन बिघडून वारंवार शौचाला होण्याच्या आजारासाठी, आयुर्वेदाच्या ग्रंथात सांगितलीय हे खरं, पण तिचा पाया कज्जली, म्हणजे पारा आणि गंधक. मेसालामाइनवर मूत्रपिंडाकडं आधीच लक्ष ठेवावं लागतं, त्यात पारा घालू नये. बाजारातली बिनलेबलची पुडीही नको. दोन दिवसांत उतार पडला तर तिच्यात स्टिरॉइड असल्याची शंका घ्या. पुडी थांबली की आजार दुप्पट जोरानं येतो.

दिवसात सहा किंवा जास्त वेळा रक्ताचं शौच आणि सोबत ताप 37.8 अंश सेल्सिअसच्या वर किंवा नाडी 90 च्या वर असली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. रात्र असली तरी.