कॉलेजातलं सायकस हलवायचंय, जगेल का?

लॅबवाला, सोलापूर:
मी इथल्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या लॅबमध्ये कामाला आहे. विभागाच्या दाराशी सायकसचं जुनं झाड आहे, बुंधा छातीपर्यंत येतो. तिथं आता गाड्यांची शेड होणार. "शोभेचं तर झाड, नर्सरीतून दुसरं आणू," असं वरून उत्तर आलं. एवढं मोठं कुठून आणणार? सायकस वर्षाला इंच-दोन इंच वाढतं. बीएस्सीच्या पोरांना मी याच झाडाची कोरलॉइड मुळं कापून देतो. मातीच्या वर आलेली, पोवळ्यासारखी फुगीर. ब्लेडनं आडवा पातळ काप घेतला की आत निळसर हिरवं कडं दिसतं. नीलहरित शैवाल तिथं राहून झाडाला नत्र पुरवतं. ते कडं दिसलं की मागच्या बाकावरचं पोरगंही सूक्ष्मदर्शक सोडत नाही. डायनासोरच्या काळातलं झाड असं तोडू द्यायचं का? कुणी हलवलंय का, सांगा.

नर्सरीवाले, जुळे सोलापूर:
जगेल की ओ, सायकस चिवट. जानेवारीतली गड्ड्याची जत्रा उरकू द्या, थंडी ओसरताना नवा कोंब सुटायच्या आत काढा. निम्म्या झावळ्या छाटा. तुटलेल्या मुळांना बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याचा बुरशीनाशक लेप) लावून चार दिवस सावलीत ठेवा. आपली काळी माती खड्ड्यात नको, पावसाळ्यात पाणी धरते आणि बुंधा कुजतो. मुरूम आणि वाळू जास्त घाला. आधी होतं त्याहून खोल गाडू नका. पुढं वर्षभर झावळी फुटली नाही तरी उपटू नका, बुंध्यात साठा असतो.

बॉटनी मॅडम:
झाड हलवायच्या परवानगीचा अर्ज कराल, त्यात "डायनासोरच्या काळातलं झाड" लिहू नका, कुणीतरी खोडून काढेल. सायकॅडचा, म्हणजे सायकस ज्यात येतं त्या गटाचा, वंश सुमारे २८ कोटी वर्षांचा, पण आजच्या बहुतेक जाती गेल्या सव्वा कोटी वर्षांतल्या. त्यापेक्षा हे लिहा: १८९६ साली जपानमध्ये इकेनो यांना सायकसमध्ये पोहणारे शुक्राणू सापडले. बी धरणारं झाड, पण शुक्राणू नेच्यासारखे पोहणारे. हे झाड म्हणजे चालता-बोलता अभ्यासक्रम आहे. तुमचं नर की मादी?

लॅबवाला, सोलापूर:
मादी, मॅडम. मधोमध तपकिरी लोकरीचा घोस, त्यात नारिंगी बिया धरतात. पण जवळपास नर नाही, त्यामुळं एकही रुजत नाही.

विजापूर रोड:
आमच्या सोसायटीत नर आहे. शंकू आला की कळवतो, पराग कागदात झटकून न्या आणि घोसावर टाका. बिया मात्र विषारी, कुत्र्याच्या तोंडी लागू देऊ नका.

लॅबवाला, सोलापूर:
जरूर कळवा. विभागप्रमुखांनी अर्जावर सही केली आहे, जागा लॅबच्या खिडकीखाली धरली आहे, सकाळचं ऊन येतं. एक ट्रॉली मुरूम लागेल. कुणाचं घराचं काम चालू असेल आणि मुरूम उरला असेल तर सांगा, मी येऊन भरून नेतो.