मदत हवी आहे: कोर्दोबा ते ग्रानादा, ऑलिव्हच्या बागांमधून गाडीने

नमस्कार मंडळी,

नोव्हेंबरच्या शेवटी स्पेनला चाललो आहोत. मी, नवरा आणि सासू-सासरे. माद्रिदहून कोर्दोबापर्यंत रेल्वे, तिथे गाडी भाड्याने घ्यायची आणि ग्रानादाला सोडायची, एवढं पक्कं आहे. मधल्या चार-पाच दिवसांचं काही केल्या जमत नाहीये.

अडचण अशी की ही सहल मुळात सासऱ्यांच्या हट्टापायी निघाली. पिंपळगाव बसवंतला आमची द्राक्षबाग आहे. दादांचं म्हणणं, 'राजवाडे तुम्ही बघा, मला झाडं दाखवा.' ऑलिव्हची छाटणी कशी करतात, पाणी किती देतात, माल कोण घेतो, भाव कोण ठरवतो हे त्यांना बघायचंय. नवऱ्याला डोंगरातली पांढरी गावं आणि घाटरस्ते हवेत, म्हणून तो रोंदा आणि ग्राथालेमावर अडून बसलाय. आईंना गाडी लागते. शिवाय त्या पूर्ण शाकाहारी, अंडंही चालत नाही.

नकाशावर मला तीन पट्टे दिसतात. एक रोंदा-ग्राथालेमा. दुसरा कोर्दोबाच्या दक्षिणेला थुएरोस आणि प्रिएगो. तिसरा खाएन प्रांत, म्हणजे बाएसा, उबेदा आणि पुढे काथोर्लाचे डोंगर. तिन्ही जोडायचे म्हटलं तर दिवस गाडीतच जाईल. काय गाळू?

शिवाय:
त्या दिवसांत झाडावर फळ असतं का, की सगळं उरकलेलं असतं?
घाट कितपत अवघड? नवऱ्याने आंबेनळी घाटात भरपूर गाडी चालवली आहे, पण उजव्या बाजूने कधीच नाही.
भारतीय लायसन्स चालतं का?

रानवाट:
रोंदा गाळा. रोंदा वाईट आहे म्हणून नव्हे, पूल बघण्यासारखाच आहे. पण ते कोर्दोबाच्या नैऋत्येला आणि काथोर्ला पूर्वेला. दोन्ही धरलंत तर एक अख्खा दिवस महामार्गावर जाईल. तुमच्या दादांना जे हवंय ते खाएनमध्येच आहे. त्या एका प्रांतात सहा कोटींहून जास्त ऑलिव्हची झाडं आहेत. बाएसाच्या जुन्या तटाकाठी एक फिरायचा रस्ता आहे. तिथून दक्षिणेला सिएर्रा माखिनाच्या डोंगरापर्यंत रांगांमागून रांगा दिसतात, मध्ये दुसरं पीक नाही. (माझ्या बायकोला तासाभरात कंटाळा आला होता, हेही सांगून ठेवतो.)

मी असा जाईन: कोर्दोबाहून थुएरोस, प्रिएगोला मुक्काम. दुसऱ्या दिवशी अल्काला ला रेआलचा किल्ला बघून बाएसा किंवा उबेदा, तिथे दोन रात्री. मग काथोर्ला, आणि तिथून ग्रानादा. थुएरोस हे खडकावर किल्ला आणि त्याच्या पायाशी पांढरी घरं असं छोटं गाव आहे, तुमच्या नवऱ्याची पांढऱ्या गावांची हौस तिथे भागेल. प्रिएगोत फुएंते देल रेय नावाचं १३९ तोट्यांचं कारंजं आहे आणि जुन्या वस्तीच्या कडेने दरीवर उघडणारा सज्जा.

घाटमाथा:
रानवाट यांच्याशी असहमत. पहिल्यांदा अंदालुसियाला जाऊन रोंदा बघायचं नाही? नवऱ्याचाही विचार करा हो.

रानवाट:
घाटमाथा, नवऱ्याला काथोर्लाचा घाट देतोय ना. बुरुंचेल गाव सोडलं की ए-३१९ रस्ता वर चढतो. चढताना मागे ऑलिव्हचा पसारा, आणि खिंड ओलांडली की एकदम पाइनचं जंगल आणि खाली ग्वादालकिवीरचं खोरं. ही नदी याच डोंगरात उगम पावते आणि पुढे कोर्दोबा, सेव्हिलवरून जाते. खिंडीचं नाव पुएर्तो दे लास पालोमास. सावध राहा, याच नावाची दुसरी खिंड ग्राथालेमाजवळ आहे. जीपीएसमध्ये नुसतं नाव टाकलंत तर भलतीकडे निघाल.

सांजवारा:
लायसन्सबद्दल: मूळ लायसन्स आणि आरटीओतून मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना, दोन्ही जवळ हवेत. परवाना एक वर्ष चालतो, व्हिसा आल्यावर काढलात तरी पुरे. ऑटोमॅटिक गाडी हवी असेल तर आत्ताच बुक करा, तिथे अजूनही गियरच्या गाड्या जास्त. उजव्या बाजूने पहिल्यांदाच चालवताना डाव्या हाताला गियरच्या सवयीतून सुट्टी दिलेली बरी. गावांत प्रत्येक दिशेला एकच मार्गिका असलेल्या रस्त्यांवर ३०, बाहेर साध्या रस्त्यांवर ९०, महामार्गावर १२० ही वेगमर्यादा. बंद पडलेल्या गाडीसाठी त्रिकोणाऐवजी छतावर ठेवायचा लुकलुकणारा दिवा २०२६ च्या जानेवारीपासून सक्तीचा झालाय. गाडी ताब्यात घेताना तो आहे का बघा.

गावात गाडी घालू नका. जीपीएस बिनदिक्कत अशा बोळात नेतं की आरसे मिटून मागे यावं लागतं. वेशीवर लावा आणि चालत जा.

मेथांबा (धागाकर्ती):
सगळ्यांचे आभार. रोंदा गाळलं, घरात शीतयुद्ध चालू आहे. :)
आता फळाचं सांगा ना कुणीतरी. आणि दादांना कारखाना, म्हणजे तेलाची गिरणी, आतून बघता येईल का?

उंबरठा:
मी स्वतः ऊस-हळदवाला, म्हणून हा धागा उघडला. दोनदा हंगामात तिथे होतो, सांगतो.

तुम्ही ऐन तोडणीत पोचताय. साधारण ऑक्टोबरअखेरीस हिरव्या फळाची तोडणी सुरू होते, त्याचं तेल कडवट-तिखट आणि महाग. मोठा हंगाम पुढे जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत चालतो. झाडाखाली जाळी अंथरतात, फांद्यांना किंवा खोडालाच थरथरवणारं यंत्र लावतात, वर काठ्या चालतात. जमिनीवर आधीच पडलेलं फळ वेगळं गोळा करतात आणि वेगळंच गाळतात, कारण त्याचं तेल हलक्या प्रतीचं निघतं. दादांना हे लगेच कळेल.

तिथली मुख्य जात पिकुआल. जुन्या बागांत एकेका जागी दोन-तीन खोडं वर आलेली दिसतील आणि दोन जागांत दहा-बारा मीटर अंतर. हे पूर्वी निव्वळ पावसावरचं पीक. आता बऱ्याच बागांत ठिबक आहे. दुष्काळ पडला की काय होतं ते त्यांनी २०२२-२३ च्या हंगामात पाहिलं: अख्ख्या स्पेनचं तेल आधीच्या हंगामाच्या निम्म्याहून खाली गेलं आणि भाव भडकले. शिवाय झाड एक वर्ष भरतं, एक वर्ष रुसतं, हापूससारखं.

आणि माल कोण घेतो? सहकारी संस्था! खाएनमध्ये बहुतेक गावांत सहकारी गिरणी आहे. संध्याकाळी ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते, वजन होतं, नमुना काढतात आणि फळात तेलाचा उतारा किती यावर हिशेब ठरतो. दादांना उसाची रिकव्हरी आठवेल. ही रांग आणि प्रयोगशाळेचं खिडकीतलं काम तुम्ही फाटकातूनही बघू शकाल. आत फेरी हवी असेल तर आधी ईमेल करा, कारण हंगामात सगळे कामात असतात. बाएसाजवळ पुएंते देल ओबिस्पोला ऑलिव्ह संस्कृतीचं संग्रहालय आहे, जुन्या घाण्या आणि दाबयंत्रं तिथे निवांत दिसतील. आमच्या घाणीवाल्या पिढीला ती सोडवत नाहीत.

एक सूचना. तोडणीच्या दिवसांत त्याच ट्रॅक्टरांमुळे संध्याकाळी रस्ते अडतात, पाऊस पडला असेल तर डांबरावर चिखल येतो. अंधार सहाच्या सुमारास होतो. काथोर्लाचा घाट दुपारीच उरका.

मेथांबा:
उंबरठा, तुमचा प्रतिसाद दादांना वाचून दाखवला. रिकव्हरीशी आल्यावर चष्मा काढून 'मग तिथेही काटा मारतात का विचार' म्हणाले. :)

सोनटक्का:
खाण्याचं राहिलंच की. नुसतं 'मांस नको' म्हटलं तर हॅम येतं, कारण त्यांच्या लेखी हॅम मांसात मोडत नाही. 'सिन हामोन, सिन अतून, सिन उएवो' हे कागदावर लिहून आईंच्या हातात द्या: हॅम नको, टुना नको, अंडं नको. सालमोरेखोवर (टोमॅटो-पावाचं थंड सार) हॅम आणि अंडं वरून भुरभुरतात, वगळून देतात. पालक-हरभरे मिळाले तर घ्या. पिठात तळलेली वांगी वर उसाच्या काकवीसह येतात, फक्त पिठात अंडं आहे का विचारा. न्याहारीला भाजलेला पाव, वर टोमॅटो आणि ताजं तेल, हे सगळीकडे. जेवणाची वेळ मात्र दोन आणि रात्री साडेआठ-नऊ. डबा-खाखरा गाडीत असू द्या.

आईंच्या पोटाबद्दल: त्यांना पुढच्या सीटवर बसवा, गोळी निघण्याआधी द्या, घाटाच्या दिवशी न्याहारी हलकी. प्रिएगोकडचे रस्ते वळणाचे पण सौम्य आहेत. खरा त्रास काथोर्लाच्या खिंडीतच होईल. तेव्हा काथोर्ला गावात मुक्काम ठेवून वर फक्त खिंडीपर्यंत जाऊन परत या. सगळं अभयारण्य आडवं ओलांडून ओर्नोसपर्यंत जायचा मोह टाळा.

घाटमाथा:
बरं, रोंदा सोडतो. पण तारखा तपासा. ६ आणि ८ डिसेंबरला स्पेनमध्ये सुट्ट्या असतात, मधला दिवस जोडून लोक डोंगरात निघतात. त्यात काथोर्ला आलं तर खोल्या मिळणार नाहीत.

मेथांबा:
आम्ही ३ डिसेंबरपर्यंत ग्रानादाला पोचतो, म्हणजे बचावलो. पक्कं झालं: प्रिएगो एक रात्र, उबेदा दोन, काथोर्ला एक. शेवटचं एक विचारते. पाच लिटरचा तेलाचा डबा विमानातून आणता येतो का?

सांजवारा:
चेक-इन सामानात हो, हातात नाही. गिरणीवरचा सीलबंद पत्र्याचा डबाच घ्या, प्लास्टिकचा नको, आणि वजनाच्या मर्यादेत पाच किलो आधीच राखून ठेवा. परतीच्या एअरलाइनचे द्रवाचे नियम तेवढे वाचा.