मदत हवी आहे: कॅन्डेलिया या खारफुटीची रोपं एकाच झाडापासून केली तर चालतील का?

नमस्कार मंडळी, कुंभारजुव्याच्या कालव्याला लागून आमचं खाजन (खाऱ्या पाण्याकाठची बांध घातलेली शेतजमीन) आहे, तिथे मानशीजवळ, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराजवळ, कॅन्डेलिया कॅन्डेलची मोजून तीन झाडं आहेत. आधी आम्ही साधी कांदळच समजायचो, पण पानाला कांदळीसारखं टोचरं टोक नाही, शेंडा गोल, आणि फुलं पांढरी, दोऱ्यासारख्या पाकळ्यांची. गोव्यात ही जात कमीच दिसते.

आता बांध ढासळतोय म्हणून रोपं करायचीयत. बी झाडावरच रुजून लांब हिरवी शेंग लटकते, ती ओहोटीला चिखलात खोचायची, एवढं जमतं. पण सगळ्या शेंगा एकाच झाडाच्या घेतल्या तर पुढची सगळी रोपं भावंडंच होणार ना, मग एक रोग आला की सगळीच आडवी? चोडण बेटाच्या बाजूच्या झाडांच्या शेंगा मिसळाव्यात का, आणि त्यासाठी वनखात्याची परवानगी लागतेच ना?

कुणीतरी सुचवलं, बाहेरून नर्सरीतली रोपं मागव. मला ते पटत नाही, कारण चीन-जपानकडची कॅन्डेलिया २००३ साली वेगळी जात ठरली, उगाच भलतंच काही इथे यायला नको. किमान किती झाडांच्या शेंगा घ्याव्यात? कुणी केलं असेल तर प्लीज सांगा, फोटो कमेंटमध्ये टाकते.