मदत हवी आहे: कंपनीची गाडी – बीएमडब्ल्यू आय५ टूरिंग की ५३०ई टूरिंग? (म्युनिक)

नमस्कार मंडळी,

जर्मनीत कंपनीची गाडी वापरणाऱ्यांनी जरा मार्गदर्शन करा. आमच्याकडे डीन्स्टवागनची (कंपनीच्या गाड्यांची) यादी आली आहे. तीन वर्षांचं लीज, वर्षाला २०,००० किमी. चाळून चाळून दोनच गाड्या उरल्या, दोन्ही ५ सिरीज, दोन्ही टूरिंग (मागे मोठी डिकी असलेल्या): पूर्ण इलेक्ट्रिक आय५ ईड्राइव्ह४० आणि प्लग-इन हायब्रिड ५३०ई. टूरिंगच का, तर उन्हाळ्यात सासू-सासरे नाशिकहून येतात आणि त्यांच्या बॅगांत निम्मं तर मसाले-पापडच असतात. पण दोघींची डिकी सारखीच, ५७० लिटर. त्यामुळे तिथे निकाल लागत नाही. मागच्या मधल्या सीटपुढचा उंचवटाही दोन्हीत तसाच आहे. इलेक्ट्रिक म्हणजे जमीन सपाट असेल असं वाटलं होतं, पण एकाच सांगाड्यावर पेट्रोल, डिझेल आणि इलेक्ट्रिक अशा सगळ्या गाड्या बांधल्या की तो राहणारच.

आय५ मध्ये वापरता येणारी बॅटरी ८१.२ युनिटची, कागदावर ५६० किमीपर्यंत रेंज. ५३०ई मध्ये १९.४ युनिट, म्हणजे विजेवर कागदोपत्री नव्वद किमीच्या आगेमागे. पुढे दोन लिटरचं पेट्रोल इंजिन आहेच. आय५ फास्ट चार्जरवर २०५ किलोवॉटपर्यंत वीज ओढते, १० ते ८० टक्के साधारण अर्ध्या तासात. ५३०ई ला फास्ट चार्जिंग नाहीच.

आमची परिस्थिती: ऑफिस एका बाजूने ३० किमी. तिथे चार्जर आहेत, पण सकाळी आठनंतर रिकामा मिळाला तर नशीब. भाड्याचं घर, टीफगराजमध्ये (तळघरातल्या पार्किंगमध्ये) स्वतःची जागा, पण तिथे साधा प्लगसुद्धा नाही. हाउसफरवाल्टुंगला (इमारतीच्या व्यवस्थापनाला) मेल टाकलाय, उत्तराची वाट बघतेय. वर्षातून काही वेळा इटलीतलं गार्डा सरोवर, हिवाळ्यात ऑस्ट्रियातलं तिरोल.

नवऱ्याचं म्हणणं, हायब्रिड घे, दोन्ही डगरींवर हात राहतो. मला आय५ चालवून बघितल्यापासून दुसरं काही सुचत नाहीये. पण मन बाजूला ठेवून विचारते: घरी प्लग नसताना आय५ घेणं शहाणपणाचं आहे का? करात नेमका किती फरक पडतो? आणि ब्रेनर खिंड ओलांडताना थंडीत फजिती होते का?

– मोगरा_म्युनिक

इसारकाठ:
ताई, आधी कराचं बघा, कारण पगारातून दर महिन्याला तोच जाणार आहे. साध्या गाडीला महिन्याला ब्रुटोलिस्टनप्राइसच्या (करासकट छापील किमतीच्या) १ टक्का रक्कम तुमच्या उत्पन्नात धरतात, शिवाय ऑफिसच्या अंतरासाठी दर किमीला ०.०३ टक्के. प्लग-इनला किंमत निम्मी धरतात, पूर्ण इलेक्ट्रिकला पाव. इलेक्ट्रिकसाठी किमतीची मर्यादा आधी ७०,००० युरो होती आणि आय५ नेमकी त्याच्या थोडी वर जायची, म्हणून तिलाही निम्म्याचाच हिशोब लागायचा. १ जुलै २०२५ पासून नव्याने घेतलेल्या गाड्यांना ही मर्यादा १,००,००० झाली. त्यामुळे जुने धागे वाचून ठरवू नका.

उदाहरणासाठी आय५ ७५,००० ची आणि ५३०ई ७०,००० ची धरू (तुमच्या किमती टाकून पुन्हा करा). आय५: पाव म्हणजे १८,७५०, शंभरात खाली धरून १८,७००. त्याचा १ टक्का १८७, अधिक ३० किमीचे १६८. एकूण ३५५. ५३०ई: निम्मे ३५,०००. ३५० अधिक ३१५, एकूण ६६५. ४२ टक्क्यांच्या स्लॅबमध्ये असाल तर एकीला महिना १४९ युरो कर, दुसरीला २७९. महाग गाडी स्वस्त पडते, काय ते गणित!

आणखी एक. प्लग-इनची ही सवलत मिळायला २०२५ पासून विजेवर किमान ८० किमी रेंज किंवा किमीला ५० ग्रॅमच्या आत सीओटू लागतो. मोठी चाकं, पॅनोरमा छत वगैरे निवडत गेलात की रेंज घसरते. तुम्ही ठरवलेल्या गाडीचा आकडा ऑफरवर लेखी मागा, माहितीपत्रकातला धरू नका.

चकलीचा_सोऱ्या:
घरी प्लग नसेल तर आय५ अवघड आणि ५३०ई निरर्थक, असं माझं स्पष्ट मत आहे. आय५ आठवड्यातून एक-दोनदा फास्ट चार्जरवर भरली तरी भागतं. ५३०ई रोज लावली तरच हायब्रिड, नाहीतर ती रिकामी बॅटरी वाहून नेणारी पेट्रोल गाडी. युरोपियन कमिशनने २०२४ मध्ये गाड्यांमधल्याच नोंदी काढून दाखवलं की २०२१ साली नोंदलेल्या प्लग-इन प्रत्यक्षात कागदावरच्या साडेतीनपट सीओटू सोडतात. कारण तेच, कोणी लावतच नाही. कंपनीचं पेट्रोल कार्ड खिशात असलं की केबल डिकीत तिच्या पिशवीत घडी न मोडता पडून राहते.

पेट्रोलपंप:
वरचं सगळं बरोबर, पण विरोधी पक्षही हवा. खर्च मांडून बघा. घरची वीज साधारण ३५ सेंट युनिट धरली तर आय५ चे १०० किमी सातेक युरोत. तीच वीज सदस्यत्व न घेता फास्ट चार्जरवर ६५-७० सेंटने घेतली आणि ऑटोबानवर २१ युनिट लागले, तर चौदा युरो. ५३०ई निव्वळ पेट्रोलवर साडेसात लिटर प्यायली तरी तेरा. म्हणजे घरी प्लग नसेल तर विजेचा फायदा फक्त करात. इंधन कंपनी भरणार असेल तर अर्थात तुम्हाला काय फरक पडतो!

गोदाकाठ_ते_इसार:
नाशिककर, म्हणून खास प्रतिसाद. हाउसफरवाल्टुंगला नुसती मेल टाकून बसू नका. बीजीबीच्या (जर्मन नागरी कायद्याच्या) कलम ५५४ नुसार १ डिसेंबर २०२० पासून भाडेकरूला स्वखर्चाने चार्जिंगची सोय करण्यासाठी परवानगी मागण्याचा हक्क आहे. त्यामुळे घरमालकालाच कलमाचा उल्लेख करून रजिस्टर पत्र पाठवा, हाउसफरवाल्टुंगला प्रत. खर्च मात्र वॉलबॉक्सपेक्षा (भिंतीवरच्या चार्जरपेक्षा) केबलचाच होतो. तुमचा मीटर तळघरात कुठे आहे आणि तिथून तुमच्या जागेपर्यंत किती भिंती फोडायच्या, हे इलेक्ट्रिशियनला आधी दाखवा.

११ किलोवॉटच्या वॉलबॉक्सला मंजुरी लागत नाही, नोंदणी पुरते. २०२४ पासून नव्या वॉलबॉक्सवर ताण आला की नेट्झबेट्राइबर (वीजजाळं चालवणारी कंपनी) तो ४.२ किलोवॉटवर आणू शकतो, बदल्यात नेटवर्क शुल्कात सूट. घाबरण्यासारखं काही नाही. रात्रीच्या दहा तासांत ४.२ ने सुद्धा चाळीसएक युनिट जातात, तुमच्या रोजच्या ६० किमीला ते भरपूर झाले.

डोंगरवाट:
ब्रेनरबद्दल. म्युनिक ५२० मीटरवर, खिंड १,३७० वर. साधारण २.३ टनांची गाडी एवढी चढवायला पाच-साडेपाच युनिट जादा लागतात, आणि पलीकडे बोल्झानोपर्यंत उतरताना त्यातले बरेचसे परत मिळतात. चढ तुमचा शत्रू नाही, थंडी आणि वेग आहे. हिवाळ्यात १३० ने २५ युनिट धरले तर आय५ ची खरी रेंज सव्वातीनशे किमी. गार्डा ४०० च्या आसपास, म्हणजे वाटेत एक थांबा. मुलं असतील तर तो तसाही होतोच. चार्जर गाडीच्याच नेव्हिगेशनमध्ये टाका, म्हणजे ती बॅटरी आधीपासून आपोआप गरम करते. मोबाइलवर नकाशा लावून गेलात तर थंड बॅटरी रडतखडत चार्ज होते. मुक्कामाच्या हॉटेलात चार्जर आहे का ते बुकिंगआधी विचारा, तिरोलमध्ये तर नक्कीच.

मोगरा_म्युनिक:
सगळ्यांचे मनापासून आभार. इसारकाठ, आमच्या खऱ्या किमती टाकून बघितलं, फरक तुम्ही दाखवलात त्याच्या जवळपासच आहे. नवऱ्याला आकडे दाखवले, तो "बघू" म्हणाला, म्हणजे निम्मं काम झालं.

कलम ५५४ चं पत्र आज टाकतेय. एक शंका उरली: घरच्या विजेचे पैसे कंपनीकडून कसे घेता?

इसारकाठ:
२०२५ अखेरपर्यंत महिन्याची ठरावीक रक्कम करमुक्त मिळायची, मीटरची कटकट नव्हती. २०२६ पासून ती सोय बंद, प्रत्यक्ष युनिट दाखवावे लागतात. तेव्हा वॉलबॉक्स घेताना स्वतःचा प्रमाणित मीटर असलेलाच घ्या, आणि कंपनीच्या पगार विभागाला कोणत्या स्वरूपात नोंद चालते ते ऑर्डर देण्याआधी विचारा. ऑफिसमध्ये फुकट भरलेल्या विजेवर मात्र २०३० अखेरपर्यंत कर नाही. आठच्या आत पोचा!