मदत हवी आहे: जैतापूर आंदोलनाचे जुने कागद

नमस्कार मंडळी. आमचं गाव माडबन. ९,९०० मेगावॉटच्या नियोजित जैतापूर अणुप्रकल्पासाठी जमिनी गेल्या, तेव्हा कित्येकांनी मोबदल्याचे धनादेश नाकारले, त्यांत आमचे आजोबाही होते. त्यांच्या ट्रंकेत भूसंपादनाच्या नोटिसा, सातबारे, मोर्चाची पत्रकं सापडलीत. पावसाळी ओलीने कागद एकमेकांना घट्ट चिकटलेत, शाई पसरलीय. न फाटता ते सुटे कसे करायचे?

शिवाय १८ एप्रिल २०११ला शेजारच्या साखरीनाटे गावात गोळीबारात एक तरुण गेला, त्या आठवड्यातली स्थानिक वर्तमानपत्रं कुणाकडे आहेत का? नाटे गावच्या मच्छीमारांची जमीन जात नव्हती. प्रकल्पाच्या गरम पाण्याने मासळी जाईल म्हणून ते आमच्यासोबत रस्त्यावर उतरले. हे माझ्या मुलांना कळायलाच हवं. मूळ अंक नको, मोबाइलवर नीट काढलेला फोटोही चालेल.