शब्दचर्चा : ‘डिस्टोपिया’साठी मराठी शब्द

रत्नागिरीतल्या आमच्या छोट्या चित्रपटमंडळासाठी फ्रेंच दिग्दर्शक ज्याँ-लुक गोदार यांच्या ‘आल्फाव्हिल’ (१९६५) या चित्रपटाचे टिपण लिहिताना मी ‘डिस्टोपिया’, म्हणजे माणसाला जखडून टाकणारे कल्पित राज्य, या शब्दापाशी अडलो. अंधेर नगरी, मोगलाई, बेबंदशाही हे आपले सरावाचे शब्द लगेच सुचतात, परंतु त्या सर्वांत नियमांना कोणी जुमानत नसल्याची तक्रार आहे. आल्फाव्हिल या चित्रपटातल्या भविष्यकालीन शहरात एकही नियम ढिला पडत नाही, आणि तेच तिथले दुखणे आहे. बायको वारल्यावर रडला, एवढ्यासाठी तिथे एका माणसाला पोहण्याच्या तलावावर गोळी घालतात.

एका स्नेह्यांनी ‘खोतशाही’, म्हणजे कोकणात गावचा सारा वसूल करणाऱ्या खोतांचे राज्य, हा शब्द सुचवला. १९४९ च्या खोती निर्मूलन कायद्याआधीचा जाच ज्या घरांनी सोसला, तिथे या शब्दाची धग अजून आहे. तरीही खोत हा माणूस होता; त्याच्यापुढे निदान गाऱ्हाणे तरी मांडता येत असे. आल्फाव्हिलवर आल्फा ६० या संगणकाची सत्ता आहे. तिथे ‘का’ म्हणायला बंदी आहे, फक्त ‘कारण’ म्हणायचे. हॉटेलच्या खोलीत बायबल म्हणून जे पुस्तक ठेवलेले असते, तो खरे तर शब्दकोश आहे, आणि त्यातून शब्द वरचेवर काढून टाकले जातात. नायिका नताशा गेलेले शब्द आठवते : रॉबिन पक्षी, रडणे, शरदातला उजेड, माया. शब्दांवर प्रेम करणाऱ्या माणसाला हा प्रसंग पाहवत नाही.

चित्रपटाचे मोठे बळ त्याच्या काटकसरीत आहे. भविष्यातले शहर म्हणून वेगळे नेपथ्य उभारलेच नाही. त्या वेळच्या पॅरिसमधल्या नव्या इमारती आणि कार्यालयांचे पांढरे दिवे छायाचित्रणकार राउल कुतार यांनी रात्री टिपले, त्यामुळे ते शहर आजचेच वाटते. उणिवा मात्र स्पष्ट आहेत. संगणकाची प्रवचने लांबतात, शेवट घाईने उरकला आहे, आणि स्त्रियांना वस्तू करणाऱ्या राज्यावर टीका करताना कॅमेराही त्यांच्याकडे पुष्कळदा तसाच पाहतो. ही शेवटची उणीव मला माफ करता येत नाही.

मला सुचलेला शब्द ‘काचनगरी’ आहे. होडी ओढताना दोरखंडाचा तळहाताला जो काच बसतो, त्याचा लाल वळ रात्रीपर्यंत राहतो. घट्ट आवळणाऱ्या व्यवस्थेला हाच शब्द नेमका वाटतो. तो काच आणि ती काच, दोन्ही अर्थ या चित्रपटातल्या काचेच्या भिंतींना लागू पडतात. अडचण एवढीच की संदर्भाविना वाचणाऱ्याला आधी काचेचे शहरच दिसेल. म्हणून या टिपणात मी ‘काचनगरी’ ठेवतो; इतरत्र ‘जाचनगरी’ लिहावे, असे माझे मत आहे.